दगडावरचं वाक्य

"मुलगी हा संदर्भ धरता येत नाही, विभा," साबडेसर म्हणाले. "वाईट वाटून घेऊ नकोस. तू सांगतेस ते खरंही असेल. पण ते छापता येत नाही."

"छापायचं नाहीये, सर. कोरायचं आहे."

"मग तर जास्तच जपायला हवं."

टेबलापलीकडे बसलेल्या बाकीच्या तिघांनीही माना हलवल्या. विद्यापीठात सगळ्या विभागांचं एकमत क्वचित होतं. ते नेमकं माझ्या वाट्याला आलं होतं.

बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं. डॉ. मनोहर हिर्लेकर, विद्यापीठाचे ग्रंथपाल. निवृत्त झाल्यावरही ते रोज ग्रंथालयात जाऊन बसत, म्हणून नव्या ग्रंथपालांनी त्यांच्यासाठी काउंटरमागे एक खुर्ची ठेवून दिली होती. आता मोठ्या वाचनकक्षाला त्यांचं नाव द्यायचं ठरलं होतं. रविवारी कुलगुरूंच्या हस्ते दगडी फलकाचं अनावरण. पत्रिका मला पुण्याला, बँकेच्या पत्त्यावर आली. आत फलकाचा नमुना छापला होता. वर बाबांचं नाव आणि त्याखाली अवतरणचिन्हांत त्यांचं वाक्य: 'ग्रंथालय हे ज्ञानाचं मंदिर आहे. इथे चपला आणि अहंकार बाहेर काढून यावं.'

मी ते बँकेच्या टेबलाशी बसून वाचलं आणि रजेचा अर्ज लिहिला.

बाबा असं बोलत नसत. ग्रंथालयाच्या आसपास मंदिर हा शब्द त्यांना चालत नसे. आपल्या वाचनकक्षाची फरशी थंडीत किती गार पडते हे त्यांना ठाऊक होतं. अनवाणी माणूस तिथे फार वेळ वाचत बसणार नाही. आणि अहंकार बाहेर ठेवून यायचं ठरलं असतं तर प्राध्यापकांपैकी कुणी आत आलंच नसतं, एवढं जगाचं ज्ञान त्यांना होतं. ते वाक्य त्या दगडावर कोरलं गेलं तर पुढची पन्नास वर्षं तिथे बाबांच्या नावाखाली कुणी दुसराच माणूस बोलत राहणार होता. मला तेवढं थांबवायचं होतं.

"समजा वाक्य त्यांचं नाही," इंगवले मॅडम म्हणाल्या. त्या समाजशास्त्राच्या. "मग ते कुणाचं आहे?"

"तेच शोधू या." साबडेसर इतिहासाचे, आणि फलक समितीचे अध्यक्ष. "मूळ साधन मिळालं तर वाक्य राहील. नाही मिळालं तर जाईल. दगडवाला उद्या दुपारनंतर अक्षरं कोरायला घेणार आहे. आपण उद्या जेवायच्या आत पुन्हा बसू."

"उद्यापर्यंत कशाला, सर?" रसायनशास्त्राचे बिराजदार म्हणाले. ते समितीत सगळ्यांत तरुण, आणि गाव कर्नाटकाच्या सीमेवरचं. "दहा मिनिटांचं काम आहे की. सर्च मारायचा."

साबडेसरांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "दहा मिनिटांत लागतो त्याला शोध म्हणत नाहीत, बिराजदार. त्याला चौकशी म्हणतात."

चौथे होते मुल्लाकाका, म्हणजे प्रा. नझीर मुल्ला. गणिताचे, निवृत्त, बाबांचे जुने मित्र. ते माझ्याकडे पाहत होते.

मला हसू आलं होतं आणि ते लपवायला मी पाण्याचा ग्लास उचलला. कारण हे सगळं मी लहानपणापासून जेवताना ऐकत आले होते. बाबांचा प्रबंधच या विषयावर होता: निरनिराळ्या विषयांचे अभ्यासक माहिती कशी शोधतात. त्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षं काउंटरमागे बसून या मंडळींना न्याहाळलं. पक्षी पाहणारे लोक तळ्याकाठी बसतात तसं. आणि रात्री आई भाकरी वाढत असताना ते त्या दिवशीचे पक्षी सांगत. इतिहासवाल्याला हवा तो कागद मिळाला की तो खट्टू होतो, कारण आता लिहायला बसावं लागणार. रसायनवाला लेखावरचं साल आधी बघतो आणि जुना असला तर नासलेल्या दुधासारखा बाजूला ठेवतो. समाजशास्त्रवाली पुस्तक मागते ते, इतरांनी ते मागितलं होतं का, हे विचारण्यासाठी. आणि गणितवाला काहीच मागत नाही. तो येतो, पंख्याखाली बसतो, आणि घरी जाऊन मित्राला फोन करतो.

प्रबंधाचा निष्कर्ष मात्र एका ओळीचा होता. विषय कुठलाही असो, माणूस आधी शेजारच्या खोलीतल्या माणसाला विचारतो, आणि मग तळटीपेत पुस्तकाचं नाव लिहितो. प्रबंध ग्रंथालयातच होता. तो आजवर कुणी घरी नेलेला नाही, हे बाबा फार अभिमानाने सांगत. निष्कर्ष सिद्ध झाला, म्हणत.

बैठक संपल्यावर मी बाहेर आले. वाचनकक्ष त्याच मजल्यावर, लगेच डावीकडे होता. मी उजवीकडच्या जिन्याने उतरले.

दिवस माझ्याकडे मोकळाच होता. मी साबडेसरांना गाठलं.

ते प्रशासकीय इमारतीच्या तळघरात, अभिलेख कक्षात होते. नाकाला रुमाल बांधलेला, समोर लाल फडक्यांत बांधलेली दप्तरं. मला पाहून त्यांचे डोळे चमकले.

"विभा, ये, ये. हे बघ काय मिळालंय."

"वाक्य?"

"छे. घड्याळ." त्यांनी एक जाड फाइल माझ्यासमोर सरकवली. "वाचनकक्षातल्या भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली कुणी द्यायची, यावर ग्रंथालय आणि बांधकाम विभाग यांच्यात झालेला पत्रव्यवहार. पूर्ण आहे. एकही पत्र गहाळ नाही."

"यात बाबांचं काही आहे?"

"हे शेवटचं पत्र त्याचंच. 'घड्याळ आता भिंतीवरून काढले आहे. सबब वाद मिटला.'" साबडेसर मनापासून हसले. "काय माणूस होता. यावर एक निबंध होईल बघ."

"सर, वाक्य."

"हां. ते बघतो." त्यांनी पुढचं दप्तर सोडलं. "पण घाई केली की साधनं दगा देतात. तू जेवून घे."

बिराजदार आपल्या प्रयोगशाळेलगतच्या खोलीत, संगणकासमोर होते. खोलीत कसला तरी आंबूस वास होता, आणि त्यांच्या डब्यातल्या शेंगाच्या चटणीचा.

"ताई, बसा. झालं काम. बघा, एवढ्या ठिकाणी आलंय. विद्यापीठाच्या वेबसाइटवर, दोन कॉलेजांच्या, एका वाचनालयाच्या, आणि हे एक सुविचारांचं पान. शब्द न् शब्द सारखा."

"एकमेकांचं बघून घेतलं असेल. म्हणून सारखा."

"असं कसं? वेगवेगळ्या नोंदी आहेत की. पुन्हा पुन्हा केलं आणि निकाल तोच आला, म्हणजे तो पक्का."

"यातली पहिली नोंद कुठली?"

बिराजदार थांबले. प्रश्न त्यांना नवा असावा. "पहिली कशाला बघायची? आम्ही शेवटची बघतो. ताजी." मग त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला. "भाकरी घ्या. कडक आहे. सरांना आवडायची."

बाबांना कडक भाकरी आवडायची हे मला माहीत होतं. पण ती ते बिराजदारांच्या डब्यातून खात, हे नव्हतं. मी एक तुकडा घेतला.

इंगवले मॅडम कॅन्टीनमध्ये भेटल्या. छापील प्रश्नावलीचा गठ्ठा घेऊन त्या टेबलाटेबलांवर फिरत होत्या.

"अगं, फार छान प्रतिसाद आहे," त्या म्हणाल्या. "बघ. 'हिर्लेकरसरांना तुम्ही हे वाक्य म्हणताना ऐकलं आहे का? कायम, अनेकदा, कधीकधी, क्वचित.'"

"'कधीच नाही' हा पर्याय नाही?"

"तो दिला की लोक तोच निवडतात. विचार करायचा कंटाळा."

शेजारच्या टेबलावर परीक्षा विभागातला एक कारकून 'अनेकदा'वर खूण करत होता. मी त्याला विचारलं, तुम्ही कधी लागलात नोकरीला. म्हणाला, दिवाळीनंतर.

मी मॅडमकडे पाहिलं. बाबा दिवाळीच्या कितीतरी आधी गेले होते.

"हो, पण त्यातच तर गंमत आहे," मॅडम म्हणाल्या. "स्मृती ही एकट्याची नसते, विभा. ती समूहाची असते. त्याला खरंच आठवतंय. तो खोटं बोलत नाहीये."

"बाबांनी तसं म्हटलं नसताना?"

"तो माझा प्रश्न नाही गं. तो इतिहासाचा."

कॅन्टीनबाहेरच्या पर्जन्यवृक्षाखाली मुल्लाकाका बाकावर बसून बशीतून चहा पीत होते. शेजारी काठी टेकवून ठेवलेली. मी त्यांच्याजवळ बसले.

"काका, तुम्ही नाही शोधत?"

"शोधतोय की."

"कुठे?"

"हे काय, बसलोय." त्यांनी बशी खाली ठेवली. "रात्री साबडेला फोन करीन. त्याने दिवसभर धूळ खाल्ली असेल. मी कशाला खाऊ?"

मला हसू आलं. वर पानांत साळुंक्यांचा गोंधळ चालला होता.

"काय हवंय तुला, विभा?" त्यांनी विचारलं.

"ते वाक्य दगडावर नको."

"बरं."

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. पण ते 'बरं' बाबांचं होतं. काउंटरवर येणाऱ्या प्रत्येकाला बाबा विचारत, काय हवंय. तो कुठलंसं पुस्तक मागे. बाबा म्हणत, बरं. मग जागचे न हलता, त्याच आवाजात, आणि खरं काय हवंय, असं विचारत. त्यांचं म्हणणं, माणूस पहिल्यांदा जे मागतो ते त्याला हवं असलेलं नसतंच. त्याला वाटतं, हे मागितलं तर मिळेल. म्हणून ते मागतो. घरीही तेच. मी पुण्याहून फोन केला की विचारत, काय हवंय. काही नाही, सहज, असं मी म्हणे. बरं, म्हणत. आणि मग वाट बघत.

"वाचनकक्षात जाऊन आलीस?" मुल्लाकाकांनी विचारलं.

"नाही."

"बरं," ते म्हणाले, आणि बशी उचलली.

दुसऱ्या दिवशी समिती जमली तेव्हा साबडेसर सोडून सगळे वेळेवर होते. बिराजदारांनी छापील कागद आणले होते, इंगवले मॅडमनी तक्ता.

"बहुसंख्य प्रतिसादकांनी हे वाक्य ऐकलं आहे," मॅडम म्हणाल्या. "विज्ञान शाखेत जरा जास्तच. विज्ञानवाले ग्रंथालयात कमी येतात हे लक्षात घेता हे लक्षणीय आहे."

"आणि वेबसाइटवर आहेच," बिराजदार म्हणाले. "आमच्या मते विषय संपला, ताई."

"वेबसाइटला हा मजकूर कुणी दिला?" मी विचारलं.

बिराजदारांनी कागद चाळले. "सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेतून घेतलाय, असं खाली लिहिलंय."

"स्मरणिका मी संपादित केली होती," इंगवले मॅडम म्हणाल्या आणि सरसावून बसल्या. "हिर्लेकरसरांवरचा मजकूर मी स्वतः लिहिला. क्षेत्रीय काम करून."

"म्हणजे कुणाला विचारून?"

"म्हणजे..." त्यांनी तक्ता खाली ठेवला. "बिराजदारांना. ते माझ्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहतात."

"मी? हां, सांगितलं होतं मी," बिराजदार म्हणाले. "पण मी काय मनाने सांगितलं नाही, मॅडम. सरांच्या निरोपसमारंभात ऐकलं होतं. भाषणात."

"कुणाच्या?"

दार उघडलं आणि साबडेसर आत आले. केसांत धूळ होती. हातात विद्यापीठाच्या वार्तापत्राचा एक जुना अंक होता, आणि ते तो दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. बसले नाहीत.

"सापडलं," ते म्हणाले. बाबा सांगत तसाच त्यांचा चेहरा खट्टू झाला होता, पण कारण वेगळं होतं. "मूळ साधन. समकालीन, छापील, दिनांकासह. निरोपसमारंभाचा वृत्तान्त. 'या वेळी वक्ते म्हणाले, हिर्लेकर नेहमी सांगतात, ग्रंथालय हे ज्ञानाचं मंदिर आहे.' याआधी कुठेही नाही. मी सगळं पाहिलं."

"वक्ते कोण?" मुल्लाकाकांनी विचारलं. त्यांना ठाऊक होतं. रात्री फोन झाला होता.

"मी," साबडेसर म्हणाले.

बिराजदारांनी आपले कागद हळूच उलटे करून ठेवले.

"आणि तुम्हाला कुणी सांगितलं?" इंगवले मॅडमनी विचारलं. "कुणीतरी सांगितलं असेल ना?"

"कुणी नाही." साबडेसर खुर्चीत बसले. "भाषणाला शेवट सुचत नव्हता. माझ्या सासुरवाडीला दत्ताचं देऊळ आहे, त्याच्या दाराशी पाटी आहे. चपला आणि अहंकार बाहेर काढावा. ती आठवली. पुढे ग्रंथालय मी जोडलं."

"बाबा तिथे होते?" मी विचारलं. "समारंभाला?"

"व्यासपीठावर. माझ्या शेजारी." साबडेसरांनी चष्मा काढून पुसला. "मी बसल्यावर माझ्या कानाशी म्हणाला, साबडे, संदर्भ द्यायला विसरलास. मला वाटलं, चेष्टा करतोय. त्याचा स्वभावच तो."

मुल्लाकाका हसायला लागले. आधी आवाज न करता, मग खोकला येईपर्यंत. बिराजदार हसले. इंगवले मॅडमनी तक्त्याआड तोंड लपवलं. मीही हसले. बाबा गेल्यापासून त्यांच्या आठवणीने कुणी हसलं नव्हतं, सगळे फक्त आदर दाखवत होते. शेवटी साबडेसरही हसले. इतिहासकाराला आपलं मूळ साधन आपणच निघाल्यावर दुसरं काय करता येतं.

हसणं ओसरलं तेव्हा साबडेसर म्हणाले, "मग वाक्य जातंय. तू बरोबर होतीस. आता दुसरं दे. तुला खात्री असलेलं, त्याचं स्वतःचं. आम्ही संदर्भ मागणार नाही."

मी तोंड उघडलं आणि माझ्याकडे काही नव्हतं. जेवलीस का. तिकडे गारठा आहे का. लोकरीचा शर्ट कुठल्या कपाटात आहे. बाबा कोरण्यासारखं काही बोललेच नव्हते. ते नुसते बोलत.

तेवढ्यात साबडेसरांचा फोन वाजला. दगडवाला होता. त्यांनी ऐकलं, डोळे मिटले, आणि फोनवर हात ठेवून म्हणाले, "त्याच्या घरी उद्या लग्न आहे म्हणून त्याने सकाळीच काम धरलं. 'ग्रंथालय हे' इथपर्यंत आलाय."

"दगड उलटा करायला सांगा की," बिराजदार म्हणाले. "मागची बाजू घासून त्यावर नाव. आधीचं भिंतीत जाईल."

"आणि पुढे कधी कुणी ती भिंत पाडली तर?"

"तर तुमच्या विभागाला काम मिळेल," मुल्लाकाका म्हणाले.

साबडेसरांनी फोनवर तसं सांगितलं. फक्त नाव. खाली काही नको. मग फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की झालं ना, आता तुझं काम झालं. झालंच होतं. त्यासाठीच मी रजा काढून आले होते. मी पर्स उचलली, पण उठले नाही.

मुल्लाकाका टेबलावर थोडे पुढे वाकले.

"विभा," ते म्हणाले, "आणि खरं काय हवंय?"

मी ते विचारणार नव्हते. वर्षभर विचारलं नव्हतं. त्या दिवशी मला फोन आला, मी गाडी करून आले, पोहोचले तेव्हा बाबांना घरी आणलेलं होतं. सगळे एकच सांगत होते, शांतपणे गेले, काही त्रास झाला नाही. मीही पुढे येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगितलं. शांतपणे गेले. तेही एक कुणाचं तरी वाक्यच होतं, एकाकडून दुसऱ्याकडे गेलेलं.

"तुम्ही चौघं तिथे होता," मी म्हणाले. "वाचनकक्षात. बाबा शेवटी काय म्हणाले?"

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणी 'माझ्या मते' म्हटलं नाही. कुणी कागद उचलला नाही.

"चल," मुल्लाकाका म्हणाले आणि काठी घेतली.

वाचनकक्षात दुपारच्या वेळी असतात तेवढी मुलं होती. काउंटरमागे ती खुर्ची अजून होती, तिच्यावर कुणी बसलेलं नव्हतं. आम्ही तिथे उभे राहिलो आणि नियमाप्रमाणे हळू बोललो.

"मी इथे उभा होतो," मुल्लाकाका म्हणाले. "एका सिद्धतेचे कागद घेऊन आलो होतो. त्याला गणित कळत नव्हतं. पण मी काही लिहिलं की त्याला दाखवायचो, आणि तो सगळी पानं बघायचा. शेवटपर्यंत. उन्हाळा लागला होता. पंखा जोरात होता आणि माझे कागद उडाले."

"मी गोळा केले," इंगवले मॅडम म्हणाल्या. "त्या कपाटाखाली एक पान गेलं होतं. ते काढायला मी वाकले होते. नंतर खुर्चीवरून सर कलले तेव्हा मी खालीच होते, म्हणून माझ्या खांद्यावर आले." त्यांनी आपल्या डाव्या खांद्यावर हात ठेवला. "मी हलले नाही. डॉक्टर येईपर्यंत."

"चष्मा मी काढून घेतला," साबडेसर म्हणाले. "फुटेल म्हणून. माझ्या खिशात राहिला. दुसऱ्या दिवशी तुझ्या हातात दिला, आठवतं? मला तेव्हा काही बोलता आलं नाही."

"पण म्हणाले काय?"

बिराजदार भिंतीजवळच्या बटणांच्या फळीकडे पाहत होते. त्यांचा आवाज अगदी खाली गेला होता.

"मला म्हणाले, ताई. मी त्या फळीजवळच्या टेबलावर होतो. म्हणाले, बिराजदार, पंखा एकवर करा. मुल्लांची पानं उडताहेत."

"मग?"

"मी उठलो. एकवर केला. वळून बघितलं, झाला का म्हणून. त्यांनी वर पंख्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मान हलवली. आणि मग... तेवढंच."

"तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"काय सांगायचं होतं, ताई? पंख्याचं बोलले. एवढा मोठा माणूस. मला वाटलं, घरच्यांना काहीतरी चांगलं पाहिजे असतं. हे काय वाक्य आहे होय?"

मी काउंटरच्या लाकडावर हात ठेवला. ते गार होतं. मुल्लाकाकांनी काठी दुसऱ्या हातात घेतली आणि मोकळा हात माझ्या हाताशेजारी ठेवला, शिवू न देता.

"आहे," मी म्हणाले.

याला आता बरीच वर्षं झाली. फलक अजून आहे, त्यावर फक्त नाव आहे, आणि त्याच्या पाठीवरची 'ग्रंथालय हे' ही अर्धी ओळ भिंतीत सुखरूप आहे. वेबसाइटवरचं वाक्य मात्र तसंच राहिलं. ते काढण्याचं काम कुणाच्या विभागाकडे येतं, यावर एकमत झालं नाही.

त्यामुळे अनावरणाच्या त्या रविवारी जे झालं त्याचा दोष कुलगुरूंना देता येत नाही. वाचनकक्षात खुर्च्या मांडल्या होत्या, उकाडा होता, सगळे पंखे जोरात होते. कुलगुरूंनी पडदा ओढला, टाळ्या झाल्या, आणि ते भाषणाला उभे राहिले. टाइप केलेली पानं त्यांनी पुढ्यात ठेवली.

"हिर्लेकरसर नेहमी म्हणत असत," ते म्हणाले, "की ग्रंथालय हे ज्ञानाचं मंदिर आहे."

मागून टाळ्या आल्या. परीक्षा विभागातला तो कारकून सगळ्यांत जोरात वाजवत होता. पहिल्या रांगेत साबडेसर आपल्या बुटांकडे पाहू लागले. इंगवले मॅडमनी डोळे मिटले. टाळ्या थांबल्यावर कुलगुरूंनी पान उलटलं, आणि वाऱ्याने ते उचललं, त्याखालचंही उचललं. त्यांनी तळहाताने उरलेली पानं दाबून धरली. एक मुल्लाकाकांच्या पायाशी आलं. ते वाकून त्यांनी उचललं आणि नेऊन दोन्ही हातांनी परत दिलं. कुलगुरू ओळ शोधू लागले. ती सापडेना.

तेव्हा बिराजदार उठले. वाकून, लोकांच्या गुडघ्यांना अडखळत, माफ करा माफ करा म्हणत ते भिंतीपर्यंत गेले. पंखा हळू झाला. पानं टेबलावर बसली, आणि कुलगुरू पुढे वाचू लागले.

बिराजदार लगेच परत आले नाहीत. रेग्युलेटरवर हात ठेवून त्यांनी वर पंख्याकडे पाहिलं, मग गर्दीतून मला शोधून माझ्याकडे पाहिलं.

मी मान हलवली.